मौन आणि मिरवणूक : गोव्याच्या धर्मासनाविषयी प्रस्तावना

पोर्तुगालचे सरकार आणि रोमचे धर्मपीठ यांच्यामध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे करारमदार झाले, त्यांतील एक तरतूद हा विषय हाती घेणाऱ्या वाचकाने आरंभीच ध्यानात ठेवावी अशी आहे. पूर्वेकडील धर्मप्रांतांत बिशपाची जागा मोकळी झाली म्हणजे रोमने योग्य पुरुष हेरावा, त्याचे नाव गुप्तपणे लिस्बनला कळवावे, त्या नावास राजकीय स्वरूपाची हरकत नसल्यास पोर्तुगालच्या अध्यक्षाने ते रीतसर सादर करावे आणि मगच नेमणुकीचे फर्मान निघावे, असा हा क्रम १९२८ च्या करारात बांधून दिला होता. आणि ७ मे १९४० रोजी सालाझारच्या राजवटीने रोमशी जो मोठा तहनामा केला, त्यानेही पूर्वेकडील हे जुने करार अबाधित ठेवले. म्हणजे पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील प्रासादात ज्या पुरुषास 'पूर्वेकडील देशांचा पात्रियार्क' हे बिरुद धारण करून बसावयाचे, त्यास वेदीपर्यंत पोहोचण्यापूर्वी सचिवालयाचा उंबरठा ओलांडावा लागे. अशा पुरुषाच्या धर्मप्रांतातील माणसे जेव्हा त्याच सचिवालयाच्या हुकमाने कोठडीत डांबली जातात, लष्करी न्यायासनापुढे उभी केली जातात आणि सातासमुद्रांपार रवाना केली जातात, तेव्हा तो कोणाला उत्तर देण्यास बांधलेला असतो? पुढील प्रकरणांचा विषय हा आहे, आणि या प्रस्तावनेचे काम त्या प्रश्नाची हद्द आखून देण्याचे आहे.

आरमोरीसारख्या वैनगंगेकाठच्या गावी बसून गोव्याच्या पात्रियार्काची झाडाझडती घ्यावयाची, यात काही वाचकांना विसंगती वाटेल. झाडीच्या मुलखात कॅथलिक समाजाची वस्ती विरळ. चांद्याचा स्वतंत्र धर्मप्रांतही १९६० नंतरचा, आणि तोही केरळच्या सिरो-मलबार परंपरेतला, ज्याची मुळे गोव्याच्या पोर्तुगीज वारशात नाहीत. आमच्याकडील बहुतेकांचा या धर्माशी परिचय मिशनची शाळा आणि दवाखान्यातील सिस्टर यांच्यापलीकडे जात नाही. परंतु मला हे अंतर उपकारकच वाटते. ज्याचे त्या धर्मसंस्थेत काही गुंतलेले नाही आणि ज्याला तिच्याविषयी आकसही नाही, त्याला निदान पुरावा तोलताना हात थरथरण्याचे कारण पडत नाही. शिवाय धर्मपुरुष आणि जुलमी सत्ता यांचा संबंध या मुलखाने घरच्या अंगणात पाहिलेला आहे. त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

आधी इतिहास. पोर्तुगीज राजांना पंधराव्या शतकापासून पोपांनी ज्या सनदा दिल्या, त्यांतून 'पाद्रोआदो' नावाची व्यवस्था उभी राहिली : नव्या मुलखात चर्च बांधण्याचा, पाद्री पाठविण्याचा आणि त्यांचा योगक्षेम चालविण्याचा भार राजाने उचलावा, आणि त्याच्या मोबदल्यात बिशप निवडण्याचा हक्क राजास असावा. १५३४ मध्ये गोव्यास बिशपाचे आसन मिळाले, १५५७ मध्ये ते आर्चबिशपाचे झाले, आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. त्या न्यायासनाविषयी अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला तो अभ्यासकांना ठाऊक आहे. मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत ते न्यायासन चालले, आणि त्याचे बहुतेक दप्तर पुढे नष्ट करण्यात आले. मी त्याच्या तपशिलात जात नाही. त्याचे एक कारण असे की इन्क्विझिशनची भीषणता इतकी परिचित झाली आहे की तिच्या धुरात नंतरची, अधिक शांत आणि म्हणूनच अधिक बोधप्रद अशी उदाहरणे दिसेनाशी होतात.

मातेउश द कास्त्रो याचे उदाहरण घ्या. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातला हा पुरुष. घराण्याचे मूळ आडनाव महाले. पाद्री होण्याची त्याची इच्छा गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी मानली नाही, म्हणून तो थेट रोमला गेला, तेथे शिकला, तेथेच दीक्षित झाला, आणि १६३७ मध्ये रोमच्या धर्मप्रसारमंडळाने त्यास बिशपपद देऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी पाठविले. गोव्याच्या धर्मपीठाने त्याचे बिशपपद जुमानले नाही. राजाच्या शिफारशीवाचून पूर्वेत बिशप कसा होऊ शकतो, हा त्यांचा सवाल. पोपाच्या हाताने झालेला बिशप खोटा कसा, हा त्याचा. कास्त्रोने मग डिचोलीस, म्हणजे आदिलशाही हद्दीत, ठाणे दिले आणि पोर्तुगीजांविरुद्ध आदिलशहाशी व डचांशी मसलती केल्या. त्याचे सर्व वर्तन समर्थनीय होते असे मला वाटत नाही. मानभंगाने पोळलेल्या माणसाच्या हातून होते तसे बरेच काही त्याच्या हातून झाले. पण राजसत्ता आणि धर्मसत्ता एकाच पाटावर जेवू लागल्या म्हणजे स्वतः पोपाची मुद्रासुद्धा राजाच्या मुद्रेपुढे कशी फिकी पडते, हे त्याच्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते तितके दुसऱ्या कशावरून कळत नाही.

ज्या गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून प्रसिद्ध केले, त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयाने देशी भाषा तीन वर्षांत टाकून द्यावी असा हुकूम काढला, आणि १७४५ मध्ये आर्चबिशपाने पोर्तुगीज भाषेचे ज्ञान विवाहासाठी अटीचे केले. इथे हुकूम काढणारा हात कोणाचा आणि शिक्षेची धमकी कोणाच्या तोंडची, हे वेगळे करून दाखविणे अवघड जाते. १७८७ चा पिंटोंचा उठाव याच मातीतून उगवला. काएतान फ्रांसिश्क कौतु आणि जुझे आंतोनियो गोन्साल्विश हे दोन गोमंतकीय पाद्री बढतीची दाद मागण्यासाठी लिस्बनपर्यंत गेले आणि रिकाम्या हातांनी परतले; त्यानंतर जो कट शिजला तो फुटला, पंधरा जणांना फासावर चढविले गेले आणि कटातल्या पाद्र्यांची रवानगी लिस्बनच्या तुरुंगात झाली. गुणाने नव्हे तर कातडीच्या रंगाने बढती ठरविणाऱ्या धर्मपीठाचे पाप त्या दिवशी सरकारी जल्लादाने निस्तरले, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण अन्यायाचे होणार नाही.

आता सालाझारकडे येऊ, कारण पुस्तकाचा गाभा तेथे आहे. न्यायबुद्धीने पाहणाऱ्याने एक गोष्ट प्रथम कबूल केली पाहिजे : पोर्तुगीज बिशपांना सालाझारविषयी वाटणारी कृतज्ञता केवळ स्वार्थातून आलेली नव्हती. १९१० च्या प्रजासत्ताकाने चर्चची मालमत्ता सरकारजमा केली होती, धर्मसंघ बरखास्त केले होते, बिशपांना हद्दपार केले होते. त्या आठवणी ताज्या असताना जो पुरुष सत्तेवर आला तो एके काळी सेमिनरीत शिकलेला, रोज प्रार्थना करणारा, ब्रह्मचारी अर्थशास्त्री होता. कोइंब्रा विद्यापीठात शिकविण्याच्या दिवसांत त्याच्याबरोबर एकाच घरात राहणारा त्याचा स्नेही मानुएल गोन्साल्विश सेरेजैरा १९२९ मध्ये लिस्बनचा पात्रियार्क झाला आणि १९७१ पर्यंत त्या आसनावर राहिला. एक देश चालवितो, दुसरा त्या देशाचे चर्च चालवितो, आणि दोघांचे तारुण्य एकाच छपराखाली गेलेले. अशा मैत्रीतून जो संकोच उत्पन्न होतो तो माणुसकीचा आहे. पण ज्याच्या अधिकाराखाली लक्षावधी जीव आहेत त्याने तो संकोच कारभारात आणला की त्याची किंमत इतरांना चुकवावी लागते.

त्या काळातील गोव्याचे दोन पात्रियार्क, जुझे द कॉश्ता नुनिश (१९४० ते १९५३) आणि जुझे व्हिएरा आल्वेर्नाझ, हे दोघेही अटलांटिक महासागरातील अझोरिश द्वीपसमूहातल्या पिको नावाच्या एकाच बेटावर जन्मलेले. ज्या गोव्याने सिंहलद्वीपास जुझे वाझसारखा साधुपुरुष दिला, आणि जेथून शेकडो पाद्री मुंबईपासून आफ्रिकेपर्यंत सेवेस गेले, त्या गोव्याच्या मुख्य धर्मासनासाठी लागोपाठ दोन पुरुष पिको बेटावरून यावेत, हा योगायोग असेल तर तो फारच हुकमी योगायोग म्हटला पाहिजे.

याच दोघांच्या कारकिर्दीत गोव्याचा मुक्तिसंग्राम घडला. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य या कॅथलिक घराण्यातील विद्वानास लष्करी न्यायासनाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात धाडले. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत कोणी वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच होय असे म्हणताच डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी जागेवरून आपला निषेध उच्चारला, आणि तेवढ्यासाठी त्यांना पोर्तुगालला हद्दपार केले गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हद्द ओलांडून गेलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि विसाहून अधिक माणसे मेली. कासिमिरो मोंतेरोसारख्या पोलिसाने कैद्यांना केलेली मारहाण महाराष्ट्रातून गेलेल्या सत्याग्रहींनी आपल्या अंगावर सोसली आणि पुढे लिहून ठेवली. नॅशनल काँग्रेस गोवाचे अध्यक्ष पीटर आल्वारिस हे स्वतः कॅथलिक. मुक्तिसंग्रामातले तेलो द माश्कारेन्यश हेही कॅथलिक. म्हणजे ज्यांच्यासाठी पात्रियार्क उत्तरदायी होता, त्यांतलेच काही जण वनवासात आणि तुरुंगात होते.

या सगळ्या काळात राजवटीला धर्मासनाकडून काय हवे होते, हे नीट पाहिले पाहिजे. तिला युक्तिवाद नको होते. युक्तिवाद करण्यास लिस्बनमध्ये वकील भरपूर होते. तिला हवी होती उपस्थिती. गोव्याचा नवा गव्हर्नर आला की त्याने बों जेझूच्या बासिलिकेत जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपाशी अधिकारदंड स्वीकारावा असा जुना प्रघात होता. म्हणजे गव्हर्नरास हुकूमत लिस्बनच्या कागदाने मिळाली तरी तिचे तेज संताच्या कबरीतून आल्यासारखे दिसे. १९५१ मध्ये पोर्तुगालने वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नवे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी, झेवियरच्या मृत्यूस चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, ३ डिसेंबर १९५२ ते ६ जानेवारी १९५३ या काळात संताच्या देहाचे दर्शन खुले झाले. भाविक आले ते भक्तीने आले, यात शंका नाही. त्यांच्या भक्तीस मी बोट लावीत नाही. परंतु गोवा हा पूर्वेतला कॅथलिक मुलूख आहे आणि त्याचे रक्षण पोर्तुगीज झेंडाच करू शकतो, ही जी कैफियत सालाझार जगापुढे मांडीत होता, तिला त्या सोहळ्याइतका भक्कम देखावा दुसरा कोणता मिळणार होता? आणि गोव्याच्या लोकसंख्येत हिंदूच अधिक आहेत, हे त्या गर्दीत कोणाला दिसणार होते?

माझे सांगणे एवढेच आहे, आणि पुढील सर्व प्रकरणांकडे मी याच दृष्टीने पाहतो : जुलमी राजवटीत धर्माधिकाऱ्याचे मौन पुष्कळदा क्षम्य ठरू शकते, परंतु त्याने राजवटीच्या मिरवणुकीत उभे राहणे क्षम्य ठरत नाही. न बोलण्याची कारणे असू शकतात. सजण्याची कारणे नसतात.

मौनाला मी इतकी सवलत का देतो, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इथेच उतावळे होतात. जुलै १९४२ मध्ये हॉलंडच्या बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र सर्व चर्चमधून वाचून दाखविले. नाझींनी त्याचा सूड म्हणून ज्या ज्यूंनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता त्यांनाही पकडले. त्यांतच एडिथ श्टाइन ही विदुषी जोगीण होती, आणि आठवड्याभरात ती आउश्वित्झमध्ये मारली गेली. याच्या उलट, आदल्याच वर्षी म्युन्स्टरचा बिशप फॉन गालेन याने वेडे आणि अपंग यांच्या सरकारी हत्येविरुद्ध प्रवचने दिली, ती हस्तलिखितांतून जर्मनीभर फिरली, आणि काही आठवड्यांत त्या हत्यांचा सरकारी कार्यक्रम निदान उघडपणे तरी थांबविला गेला. दोघेही बोलले; एका ठिकाणी बोलण्याने जीव वाचले, दुसऱ्या ठिकाणी गेले. तेव्हा परिणामाच्या तराजूत धर्माधिकाऱ्याला तोलणे हे आपल्यासारख्या, फळ माहीत झाल्यावर न्याय करावयास बसणाऱ्या लोकांना सोपे असले तरी न्याय्य नाही. बोलण्यापूर्वी त्या माणसास फळ दिसत नव्हते. त्याला दिसत होते ते फक्त आपले पद आणि आपली माणसे.

याच कारणाने मी आणखी एक नियम पाळतो. धर्माधिकाऱ्याला आपल्या आजच्या मापाने मोजावयाचे नाही. त्याच काळात, त्याच राजवटीखाली, त्याच चर्चच्या शपथेने बांधलेल्या दुसऱ्या माणसाने काय केले, हे माप घ्यावयाचे. आणि हे माप गोव्याच्या बाबतीत हाताशी आहे. १९५८ च्या जूनमध्ये पोर्तुगालात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. जनरल उंबेर्तु देल्गादु यांस सरकारी यंत्रणेने पराभूत ठरविले. पुढच्याच महिन्यात, १३ जुलै रोजी, पोर्तोचा बिशप आंतोनियो फेरैरा गोमिश याने सालाझारला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात त्याने शेतकऱ्यांचे दारिद्र्य, कामगारांची मुस्कटदाबी आणि चर्चने अशा राजवटीशी केलेली जवळीक यांविषयी स्पष्ट शब्दांत विचारणा केली. परिणाम ठरलेला होता : १९५९ मध्ये तो देशाबाहेर गेला असता त्याला परत येऊ दिले गेले नाही, आणि दहा वर्षे तो परदेशांत भटकत राहिला. मोझांबिकातील बैरा येथील बिशप सेबास्त्यांव सोआरिश द रेझेंद याने सक्तीच्या कापूसलागवडीवर आणि वेठबिगारीवर धर्मपत्रे काढली आणि स्वतःचे दैनिक चालविले, ज्यावर सरकारी नियंत्रकांचा डोळा सतत होता. पुढे १९७१ मध्ये 'व्हाइट फादर्स' हा मिशनरी संघ मोझांबिकातून निघून गेला, कारण तेथे राहणे म्हणजे बिशपांच्या आणि सरकारच्या एकीवर आपली मोहोर उठविणे होय, असे त्याला वाटले. पोर्तोच्या बिशपाने लिहिले तसे पत्र आल्तिनोवरून लिस्बनला गेल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

मुंबईचेही उदाहरण दूरचे नाही. तेथील आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असे १९२८ च्या करारानेच ठरले होते. जणू मुंबईकर कॅथलिकांमध्ये एकही लायक माणूस जन्मलेला नव्हता. त्या पाळीने १९३७ मध्ये आर्चबिशप झालेला टॉमस रॉबर्ट्स हा इंग्रज जेझुइट. त्याने हे ओळखले की या जागेवर भारतीयच असावयास हवा, आणि आपला सहायक म्हणून व्हॅलेरियन ग्रेशस यांस पुढे करून तो स्वतः मुंबईबाहेर निघून गेला. १९५० मध्ये पोर्तुगालने भारतातील पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या धर्मप्रांतांवरील आपला हक्क सोडला, ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये कार्डिनल. गोमंतकीय वंशाच्या या पुरुषाने गोव्याचा प्रश्न धर्माचा नव्हे ही भूमिका घेतली. ८ जुलै १९५५ रोजी पंडित नेहरू रोममध्ये बाराव्या पायसला भेटले, आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, असे पोपाचेही मत असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. सालाझारच्या कैफियतीचा पाया त्या दिवशी रोमनेच काढून घेतला. या तारखेपूर्वीच्या मौनाला एक सबब होती. या तारखेनंतरच्या मौनाला ती उरली नाही. सव्वा महिन्याने सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या.

येथवर वाचून कोणा सनातनी वाचकास समाधान वाटू लागले असेल, तर त्याने जरा थांबावे. आमच्या मुलखातील दोन प्रसंग मी जाणून बुजून शेवटासाठी राखून ठेवले आहेत. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच जुन्या चांदा जिल्ह्यातील चिमूर पेटले. सरकारी अधिकारी मारले गेले, आणि मग गोऱ्या फौजेने गावावर आणि गावच्या स्त्रियांवर जो अत्याचार केला त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या भणसाळींनी त्रेसष्ट दिवस उपवास केला. तुकडोजी महाराजांची भजने त्या मुलखात घरोघर पोहोचली होती. सरकारने महाराजांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. खंजिरी घेऊन भजन करणाऱ्या साधूला सरकार भ्याले, यातच त्याच्या धर्माची परीक्षा झाली.

दुसरा प्रसंग पवनारचा, आणि तो अधिक अवघड. १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा विनोबांचे वर्षाचे मौनव्रत चालू होते. त्या मौनात त्यांनी लिहून दिलेले 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने उचलले आणि भिंतीभिंतींवर, वर्तमानपत्रांत, रेडिओवर मिरविले. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, राज्यकर्त्यांचे शासन नव्हे, असे विनोबांनी पुढे सांगितले. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरविले. विनोबांच्या निर्मळतेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण जेव्हा शब्द मिरविले जात होते, तेव्हा ज्यांच्या नावाने ते मिरविले जात होते त्यांच्याकडून ठळक नकार आला नाही. आणि दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध जे स्पष्टपणे बोलून दाखविले ते बोलण्यासाठी त्यांच्यापाशी कोणतेही धर्मासन नव्हते. आल्तिनोच्या पात्रियार्काला जे माप लावतो तेच पवनारच्या ऋषीला लावण्याची आमची तयारी नसेल, तर हे पुस्तक बंद करून ठेवलेले बरे.

आजच्याविषयी थोडेच सांगतो. ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेले स्टॅन स्वामी हे जेझुइट पाद्री झारखंडच्या आदिवासींत काम करीत. वय ऐंशीच्या पुढे, हाताला कंप. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायासनाकडे अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचा अंत झाला. भारतीय बिशपांच्या परिषदेने त्यांच्या सुटकेचे आवाहन केले होते, ही गोष्ट त्यांच्या जमेस धरली पाहिजे. पण बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे नाव ज्यांच्या कानावर दर महिन्याला पडते अशा गडचिरोलीच्या माणसाला एक प्रश्न सुचल्याविना राहत नाही : त्याच प्रकरणातील इतर आरोपी, जे कोणत्याही धर्मप्रांताचे नव्हते, त्यांच्यासाठी आवाज तितकाच उंचावला काय? आपल्या माणसासाठी बोलणे हे कर्तव्य आहे. कर्तव्याची खरी लांबी मात्र परक्यासाठी बोलताना कळते. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ऐंशीच्या दशकात गावच्या गुंडशाहीविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा तिच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नव्हता, म्हणूनच तिला धार होती.

पुन्हा गोव्याकडे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आल्वेर्नाझ १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, आणि १९७५ मध्ये, पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केल्यानंतर, त्यांनी पदाचा राजीनामा दिला. मधली तेरा वर्षे आसन त्यांच्या नावावर आणि आसनाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर राहिला. पहिले गोमंतकीय आर्चबिशप, राउल गोन्साल्विश, त्या आसनावर बसले ते १९७८ मध्ये. मुक्तिसंग्रामातील क्रांतिकारक मोहन रानडे मात्र गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात होते आणि १९६९ च्या जानेवारीत सुटले. १९६८ मध्ये मद्रास राज्याचे (आताच्या तामिळनाडूचे) मुख्यमंत्री अण्णादुराई पोपाला भेटले तेव्हा त्यांनी या कैद्यासाठी रदबदली केली होती. देव न मानणाऱ्या चळवळीतला नेता रोमच्या दारी एका मराठी क्रांतिकारकासाठी उभा राहिला. यावरून रोमच्या शब्दाला लिस्बनमध्ये किती वजन होते याची जाण निदान अण्णादुराईंना होती असे म्हणावे लागते.

शुभवर्तमानात अंतिम न्यायाच्या वर्णनात भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्याच ओळीत बंदिवानाची भेट घेणे हेही कृत्य मोजलेले आहे. त्यामुळे गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांविषयीचा शेवटचा निवाडा देण्यासाठी मला लिस्बनच्या दप्तरखान्यापेक्षा आग्वादच्या तुरुंगातील माणसांच्या आठवणी अधिक मोलाच्या वाटतात. १९४६ ते १९६१ या काळात आग्वाद, मडगाव, पणजी येथे किंवा पेनिशे आणि काशियास येथे ज्यांनी कैद भोगली त्यांच्यापैकी आता फार थोडे हयात आहेत. महाराष्ट्रातून गेलेल्या सत्याग्रहींच्या घरी मात्र त्यांची पत्रे, वह्या, तुरुंगातून सुटताना दिलेल्या कागदांच्या नकला कुठेतरी ट्रंकेत पडलेल्या असतील. गोव्यातील कॅथलिक घरांतही, त्या काळच्या गावच्या पाद्र्याने लिहिलेल्या चिठ्ठ्या असतील. या पुस्तकाच्या वाचकांस माझी विनंती आहे की असे काही हाती लागल्यास ते रद्दीत घालू नये. पणजीच्या पुराभिलेखागारात अथवा जवळच्या ग्रंथालयात द्यावे, आणि देताना वरच्या कोपऱ्यात एवढे लिहून ठेवावे की त्या कैद्याकडे कोणी धर्मगुरू भेटीस आला होता की नाही, आणि आला असल्यास कोण.